पिल्लू कधी ओरडत नाही

बेडूक-सापवाल्यांच्या संगतीत राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत. लॅबच्या कपाटातल्या बरण्यांसारखे ते साठत जातात; हवी ती काढायची, झाकण उघडायचं! मी जन्माने कोलकात्याचा, नोकरीने सेक्टर फाइव्हमधला अकाउंटंट. बेडूक-साप मात्र पुस्तकं वाचून आणि वसुधाताईंच्या मागे चिखल तुडवून शिकलो. रोज डायरी लिहितो, म्हणून सगळं शाबूत आहे.

वसुधाताई सॉल्ट लेकमधल्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांनी दलदलीतला एक चिमुकला तपकिरी बेडूक नवी जात म्हणून जाहीर केला. त्याच क्षेत्रातल्या एका मोठ्या सरांनी निकाल देऊन टाकला, "नवी जात कसली? नेहमीच्या बेडकाचं पिल्लू आहे!" ताईंकडे होते फक्त बरणीतले मेलेले नमुने. वाद मिटवायचा तर तो बेडूक ओरडताना सापडायला हवा. ओरडतो तो वयात आलेला नर. पिल्लू कधी ओरडत नाही! ताईंची रिटायरमेंट जवळ आली, तसे ताई, त्यांचे सहकारी तपनदा आणि मी दर रविवारी डबकी धुंडाळू लागलो.

* * *

एकदा न्यू टाउनला ऑटोने निघालो. पाणी दिसलं की ताई म्हणायच्या, "भैया, इंजिन बंद." सगळे गप्प. कान बाहेर. काही नाही. पुढे चला. पुन्हा पाणी, पुन्हा इंजिन बंद!

शेवटी ड्रायव्हर वळून म्हणाला, "दीदी, आपको जाना है या सुनना है?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "दोनों."

* * *

तपनदा बेडकांची नक्कल इतकी हुबेहूब करतात, की खरे बेडूक उत्तर देतात. एका तळ्याकाठी त्यांनी आवाज काढला आणि पलीकडून लगेच उत्तर! तपनदा खूश. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर. वाकत, लपत ते तळ्याला वळसा घालून गेले, तर झुडपामागे दुसऱ्या कॉलेजचे एक प्राध्यापक, तोंडाशी हात धरून ओणवे बसलेले!

तपनदा परत येऊन म्हणाले, "तरीच! उच्चार फारच स्पष्ट होते."

* * *

ताईंकडे हळदीकुंकू होतं. श्रीखंडाचा डबा काढायला एक मैत्रीण फ्रीजकडे गेली आणि किंचाळलीच! डब्यात रस्त्यावर चिरडलेला साप, नीट वेटोळं करून गोठवलेला.

ताई धावत आल्या. मैत्रीण डबा उघडाच ठेवून भिंतीला चिकटली होती. ताई तिला म्हणाल्या, "अगं, आधी झाकण लाव! वितळेल ना तो!"

* * *

न्यू टाउनच्या एका फ्लॅटमधून फोन आला, "मण्यार शिरलीय!" गेलो, तर बिनविषारी कवड्या साप. घरमालक डायनिंग टेबलावर उभे. ताईंनी साप हातात घेऊन त्यांना समजावलं, की हा पाली खाणारा गरीब जीव आहे. साहेब हळूहळू खाली उतरले. तेवढ्यात ट्यूबलाइटवरून एक पाल टपकली. साहेब पुन्हा टेबलावर!

"अहो, ती नुसती पाल आहे," मी म्हटलं.

"पण रेप्टाइलच ना?"

* * *

आणि ताईंचा निरोप समारंभ! बाहेर मुसळधार पाऊस. बेडूक अजून सापडलेला नव्हता. पाहुणे कोण, तर तेच सर! माइक हातात घेऊन ते रंगात आले, "वसुधाची चिकाटी दांडगी! एका पिल्लापायी आयुष्य घालवलं हिने!" हॉलभर हशा. ताईही हसल्या, पण मान खाली घालून.

तेवढ्यात खिडकीखालच्या गटारातून आवाज आला, "टिक्‌-टिक्‌-टर्रर!" आम्ही कधीच न ऐकलेला!

तपनदांच्या हातातली संदेश मिठाई तोंडापाशीच थांबली. मी ताईंकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी! खिडकीशी धावलो. ताई रेशमी साडीचा काचा मारून गटारात उतरल्या होत्या. सर बोलतच होते.

ताई परत आल्या, त्या चिखलाने माखून. पैठणीचा पदर ठिबकत होता, मूठ घट्ट मिटलेली. त्या सरळ स्टेजवर चढल्या. बोटं जरा सैल केली, तशी फटीतून एक चिमुकला तपकिरी बेडूक दिसला, गळा फुग्यासारखा फुगवलेला. पकडल्याचा राग आला होता त्याला!

सरांच्या हातातला माइक ताईंनी अलगद काढून घेतला आणि मुठीशी धरला. "टर्रर! टर्रर!" हॉल दणाणला.

ताई म्हणाल्या, "सर, तुमचं पिल्लू काहीतरी म्हणतंय!"