फराशाचा अर्ज

"ऐकलंस का? सख्याच्या पोरीनं अर्ज नाही, फर्मान लिहिलंय!"

रावसाहेब आतल्या खोलीत बाईसाहेबांना सांगत होते. दार उघडं होतं. बाईसाहेब हसल्या. म्हणाल्या, "मडमांनी शिकवलंय ना. आता आपणच तिला जी हुजूर म्हणायचं."

मी आणि बाबा बैठकीत उभे होतो. जाजमाच्या कडेला, उघड्या फरशीवर. ते जाजम सकाळी बाबांनीच अंथरलं होतं. कचेरीत फराश, म्हणून साहेबांच्या जयेंद्रगंजातल्या घरीही फराश. बाबांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझ्याही नाही. त्या वेळी मला राग आला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच वाटलं नाही.

संस्थान गेलं तेव्हा बाबांची नोकरी वाचली होती. आता त्याच्या जागी आलेलं मध्य भारत राज्यही मोडत होतं. कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, याद्या बनत होत्या. खालच्या नोकरांनी अर्ज द्यायचा, त्यावर साहेबाची शिफारस हवी. ती नसली तर नोकरी नाही. नोकरी नाही तर कचेरीमागची आमची खोलीही नाही.

आई मडमांच्या शाळेत कपडे धुवायची, म्हणून माझी फी माफ होती. तिथे मला पत्र लिहायला शिकवलं. आपण कोण, काय काम केलं, काय हवं. एवढंच, सरळ. मी तसंच लिहिलं, फक्त हिंदीत. "मैं बाईस साल से इस कचहरी में फ़र्राश हूँ. काम में कभी कसर नहीं की. मेरा नाम नई सूची में रखा जाए." खाली बाबांचं पूर्ण नाव.

रावसाहेब बाहेर आले. कागद माझ्या हातात दिला नाही. जाजमावर टाकला. मी वाकून उचलला.

"हा 'मैं' कोण? फराश कधी 'मैं' लिहितो का? ताबेदार लिही. आणि सखाराम कशाला? यादीत सख्या आहे. वर 'अन्नदाता', खाली 'हुजूर के चरणों की धूल'. दफ्तरात असंच चालतं, बाई. भोपाळवाले काय म्हणतील, इथल्या माणसांना अदब नाही?"

बाबा म्हणाले, "लिहून दे ना बेटा. शब्दच तर आहेत."

मी फरशीवर बसले. दुसरा कागद घेतला. लिहिलं.

हे मला सांगायलाच हवं. माझा हात कुणी धरला नव्हता. मी बाबांचं अर्धं नाव लिहिलं. अन्नदाता लिहिलं. 'धूल'चा ऊकार नीट वळणदार काढला. रावसाहेबांनी वाकून पाहिलं. "अक्षर मात्र छान आहे हो हिचं." आणि मला बरं वाटलं. क्षणभर, पण वाटलं. त्याची किळस अजून गेलेली नाही.

रावसाहेबांचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर पोथ्या घेऊन इथे आले. आमचे आले ते त्याच फौजेचे तंबू वाहत. इतक्या पिढ्यांनंतरही ते जाजमावर आणि आम्ही फरशीवर.

बाबांनी अंगठ्याला शाई लावली. तेवढ्यात रावसाहेबांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी काही मुद्दे टिपले होते.

"आणि हे बघ. माझंही भोपाळला काम आहे. माझा हुद्दा खाली उतरवतायत. सचिवांना इंग्रजीत अर्ज द्यायचाय. तुझी इंग्रजी चांगली आहे, जरा करून दे." मग आवाज खाली आला. "साधं लिही. ताठ लिही. मी कोण, किती काम केलं, काय हवंय. उगाच लाचारी नको. वाचणाऱ्याला समोर माणूस दिसला पाहिजे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बहुतेक पहिल्यांदाच.

मला वाटत होतं, या माणसाला अर्जाची एकच भाषा ठाऊक आहे. जुनी सवय, दुसरं काय. तसं नव्हतं. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. माणूस दिसतो कशानं आणि मिटतो कशानं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कोणती कुणासाठी, तेवढं आधीच ठरलेलं होतं.

बाबांचा अंगठा कागदाजवळ आला होता. मी तो कागद ओढून घेतला. पहिला अर्ज त्या जागी ठेवला.

"काय करतेस?" रावसाहेब म्हणाले.

बाबांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पण ओळी थोड्या होत्या, तेवढं दिसत होतं. कोणता कागद ते त्यांना कळलं. बराच वेळ अंगठा तसाच वर राहिला. मग त्यांनी तो टेकवला.

"या कागदावर माझी शिफारस मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"माफी माग, बेटा," बाबा कुजबुजले. अंगठा त्यांनी धोतराला पुसला.

त्या घरात मी तोवर 'हो' आणि 'जी' यापलीकडे काही बोलले नव्हते. शाळेतही फारशी बोलत नसे. आवाज निघेल की नाही, ठाऊक नव्हतं. निघाला. बारीक होता, पण कापला नाही.

"शिफारस नसेल तर नसो. अर्ज असाच जाईल, मी आत्ता बाड्याच्या चौकातल्या पोस्टात टाकते. आणि तुमचा अर्ज, रावसाहेब, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."