चोवीस पावलं

माझे सासरे कुठल्याही जमिनीवर उभे राहिले की आधी खाली बघतात. समोर डोंगर असो, राजवाडा असो, नाहीतर सुनेने कौतुकाने दाखवलेलं जुनं चर्च असो, त्यांची नजर आधी पायांपाशी. त्यांची छत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात मोजणीखात्यात गेली. शेतांच्या हद्दी मोजायच्या, खुणेचे दगड रोवायचे आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन घरी यायचं, अशी ती नोकरी. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाच्या बांधावर चहासुद्धा घेतला नाही, असं तिकडे अजून सांगतात. काही जण कौतुकाने सांगतात, काही जण चिडून.

२०१६च्या उन्हाळ्यात ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत एर्लांगेनला आले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे एकटेच. हरवतील म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली. आठवड्याभरात त्यांनी मागच्या जंगलातले हद्दीचे दगड शोधून काढले. इकडे त्यांना ग्रेन्झश्टाइन म्हणतात. शेवाळाने झाकलेले, जेमतेम वीतभर वर आलेले. माझा नवरा त्या जंगलातून आठ वर्षं सायकलने ऑफिसला जात होता, त्याला एकही दिसला नव्हता. बाबा रोज सकाळी जाऊन एकेकाला भेटून यायचे. "एकही दगड कोणी हलवलेला नाही," असं परत आल्यावर ते इतक्या आदराने सांगायचे, की जर्मन लोकांना याहून मोठं प्रमाणपत्र कोणी दिलेलं मी ऐकलेलं नाही.

त्यांच्या सामानात, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी, एक फाइलही आली होती. ती कशाची हे आम्हाला ठाऊक होतं. वडिलोपार्जित शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा निम्मं बाबांना आलं, निम्मं त्यांच्या थोरल्या भावाला. थोरले काका गावात राहून शेत कसतात, बाबांचं दुसऱ्याला वाट्याने दिलेलं. मधला बांध नांगरटीत दरवर्षी बोट बोट सरकत बाबांच्या बाजूला दोन हात आत आला. जगाची शेतं मोजणाऱ्याचं स्वतःचंच शेत कोरलं गेलं, दिव्याखाली अंधार, असं म्हणून लोक हसले. जमिनीपेक्षा ते हसणं बाबांना लागलं. अकरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आता बाबांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला होता आणि दिवाळीनंतरची तारीख लागायची वाट बघत होते.

मोजणी झाली की दगड बसणार, आणि दगड बसला की उरलंसुरलं नातंही संपणार, याची माझ्या नवऱ्याला धास्ती होती. त्याचं लहानपण काकांच्या खांद्यावर गेलेलं. पण बाबांपुढे बोलायची छाती नाही. ऑफिसात पन्नास माणसांना तोंड देणारा हा माणूस वडिलांकडे मीठसुद्धा मागत नाही.

नॉर्वेच्या उत्तरेला सेन्या नावाचं बेट आहे. ऑगस्टमध्ये तिथे पाठीवर तंबू घेऊन पाच दिवस चालायचं, हा नवऱ्याचा बेत. सहासष्ट वर्षांच्या माणसाला तिकडे न्यायचं का, यावर आमची चांगली खडाजंगी झाली. ती बाबांनीच मिटवली. "माणदेशात मे महिन्याच्या उन्हात मोजणीची साखळी ओढत हिंडलोय मी. तुमची थंडी काय ते बघू." त्यांना खटकत होतं ते वेगळंच.

"म्हणजे कोणाच्याही जमिनीत जाऊन झोपायचं?"

"अहो बाबा, पिकाच्या नाही. मोकळ्या जमिनीत. दोन रात्रींपर्यंत विचारावंही लागत नाही, तसा कायदाच आहे. फक्त राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब."

"आणि मालक काही म्हणत नाही?"

"नाही."

 जेवण झालं, हात धुऊन आल्यावर बाबा म्हणाले, "फार मोठ्या मनाचा कायदा आहे. पण मग दीडशे म्हणजे दीडशे पाहिजेत." आम्ही हसलो.

बोटीतून बेट दिसलं तेव्हा मी, माझा स्वभाव नसताना, गप्प बसले. डोंगर थेट समुद्रातून वर आलेले, मधे पायथा असा नाहीच. काळ्या कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा आणि खाली काठाला चार-दोन लाल घरं. बाबा कठडा धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इथे साखळी टाकली कशी असेल कोणी?"

चालायला लागल्यावर तर मी त्या बेटावर जीवच टाकला. ओढ्याचं पाणी ओंजळीने प्यायचं, वर पुन्हा बाटली भरून घ्यायची. दलदलीच्या कडेला नारिंगी रंगाची बोरं पिकलेली, आंबट आणि मागून मधासारखी. मेंढ्या गळ्यात घंटा घालून आपापल्या हिंडत होत्या, राखण्या कोणी दिसेना. बाबा सगळ्यांत पुढे, हातात एक वाळलेली काठी. नवरा त्याच्या नामांकित बुटांतून धापा टाकत मागे.

पहिल्या संध्याकाळी समुद्राकाठी गवताचा एक सपाट तुकडा मिळाला. पाठीला डोंगर, समोर पाणी. खालच्या अंगाला एक लाल घर होतं. नवऱ्याने फोनमध्ये बघून "दीडशे असेल" म्हटलं आणि आम्ही दोन्ही तंबू उभे केले. मी गॅस पेटवला, मेतकूट-भाताचं पातेलं चढवलं. ऊन अजून कलायचं होतं.

"असेल म्हणजे?" बाबांनी विचारलं.

नवरा काही बोलायच्या आत ते उतरून त्या घराच्या भिंतीपाशी पोचले होते. तिथून वळले आणि एका चालीत, मान खाली घालून, सरळ रेषेत आमच्याकडे आले. तंबूच्या खुंटीशी थांबले.

"एकशे शहात्तर. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, त्यात फरक पडत नाही. दोनशे पाहिजेत. चोवीस पावलं कमी आहेत."

"बाबा, अठरा मीटरनी कोणाचं काय बिघडतंय?" मी म्हटलं.

"बिघडत नसेल. पण आपण पाहुणे आहोत."

तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. त्या पावसात आम्ही दोन्ही तंबू मोडले, शिजत आलेला भात हातात धरून चोवीस पावलं वर चढलो आणि एका उतरत्या, दगडधोंड्यांच्या जागेवर पुन्हा उभे केले. खुंट्या रुतेनात, तेव्हा बाबांनीच धोंडे आणून दोऱ्यांना भार दिला. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी त्या घरातली बाई चढून वर आली. सत्तरीची, ताठ, हातात कॉफीचा थर्मास. नवऱ्याशी इंग्रजीत बोलली. तंबू लावून पुन्हा का काढले, गवतात काही होतं का, असं तिला विचारायचं होतं. नवऱ्याने सांगितल्यावर ती आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "पन्नास वर्षं मी या घरात राहते. त्या गवतावर सगळेच तंबू लावतात. पण माझ्या भिंतीपासून पावलं मोजणारं माणूस मी पाहिलं नव्हतं." आणि तिने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. बाबा संकोचाने अर्धे झाले. तिने दिलेली कॉफी मात्र त्यांनी घेतली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "रिटायर आहे मी. चालतं आता."

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. रात्रभर धोंडा टोचून माझी कंबर धरली होती, तरी वाटला. अशी माणसं आता घडत नाहीत असं लोक म्हणतात, माझ्या तर घरातच एक होतं.

म्हणूनच पुढचं माझ्या तोंडून निघालं. दुपारी आम्ही खिंडीत चढून बसलो होतो. तिथे फोनला रेंज आली आणि बाबांच्या फोनवर गावाकडच्या एकाचा निरोप आला. मोजणीची तारीख लागली होती. बाबांचा चेहरा उजळला. "आता कळेल सगळ्यांना," ते म्हणाले.

नवऱ्याने नजर वळवली. आणि मी, दोन घास भडंग तोंडात असताना, बोलून गेले, "बाबा, परक्या बाईसाठी तुम्ही पावसात चोवीस पावलं मागे सरलात. सख्ख्या भावासाठी दोन हात सरवत नाहीत?"

सुनेने सासऱ्याला असं बोलायचं नसतं. मला ते शब्द बाहेर पडतानाच कळत होतं.  बाबांनी भडंगाचा कागद घडी घालून खिशात ठेवला, काठी घेतली आणि उताराला लागले.

दहा मिनिटांत समुद्रावरून धुकं आलं. आलं म्हणजे किती, तर मला माझेच बूट दिसेनात. "बाबा!" म्हणून नवऱ्याने हाक मारली, तीही जवळच विरली. त्या वाटेवर दर थोड्या अंतरावर दगडांची रास रचून लाल रंगाची खूण केलेली असते. एक रास सापडली की दुसरी शोधायची, असे आम्ही उतरू लागलो. डाव्या हाताला कडा आहे हे नकाशात सकाळीच बघितलेलं. मी रडत होते. नवरा एकदाही मला "तू कशाला बोललीस" म्हणाला नाही, त्याने मला जास्तच रडू येत होतं. या माणसाला काही झालं तर ते माझ्या जिभेने झालं असेल, एवढंच डोक्यात.

चौथ्या राशीपाशी ते बसले होते. एक हात खुणेच्या दगडावर.

"धुकं आलं तसा थांबलो," ते म्हणाले. "खूण सोडून हलायचं नसतं."

मी त्यांच्या पायांशीच बसले. "बाबा, चुकलं माझं."

"चुकलं नाही." बराच वेळ ते दगडावरचं शेवाळ नखाने काढत राहिले. "दोन हात माझेच आहेत, पोरी. मोजणी माझी बरोबरच निघणार. अकरा वर्षं मला वाटतंय, आपण बरोबर असलो की झालं." मग खाली बघत म्हणाले, "वहिनी गेली तेव्हा मी स्मशानात गेलो होतो. मागच्या वाटेने. लांब उभा राहिलो आणि दादाशी न बोलता परत आलो. किती लांब उभा होतो ते मी अजून पावलांत सांगू शकतो."

आम्ही दोघांनीही ते विचारलं नाही. धुकं विरळ व्हायला तास गेला असेल. तेवढा वेळ नवरा वडिलांना टेकून बसला होता. तसं बसलेलं मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

उरलेले तीन दिवस बाबा त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. एर्लांगेनला परतल्यावरही नाहीत. सप्टेंबरात आम्ही त्यांना म्युनिकच्या विमानतळावर सोडलं, तेव्हा फाइल त्यांच्या हातातल्याच पिशवीत होती. मला वाटलं, आपण बोललो ते वाऱ्यावर गेलं.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील. मी ऑफिसातून सायकलने घरी येत होते आणि फोन वाजला. बाबा. मुलाला सोडून मला केलेला पहिलाच फोन, म्हणून मी घाबरून कडेला थांबले.

"मोजणी झाली," ते म्हणाले. "दोन हात आणि वर चार बोटं. माझेच निघाले."

मी सायकल कडेच्या कठड्याला टेकवली.

"दगड मोजणीप्रमाणेच बसवला. खोटी खूण मी कोणाला लावू देणार नाही. सगळे गेल्यावर दादाला म्हटलं, कागद कागदाच्या जागी. बांध आहे तिथेच राहू दे. आपण दोघं आहोत तोवर त्याला हात लावायचा नाही."

"मग? काका काय म्हणाले?"

"काही नाही. नुसता उभा राहिला. मी एसटीसाठी निघालो, तर मागून म्हणाला, जेवून जा."

 सायकलवाले घंटी वाजवत बाजूने जात होते. "जेवलात ना?" एवढंच मी कसंबसं विचारलं.

"जेवलो. पिठलं-भाकरी." मग म्हणाले, "दादाने केली गं. चुलीपुढे बसून हातावर थापली. गोल, पातळ, चांगला पापुद्रा सुटलेली. वहिनी गेल्यापासून तोच करतो म्हणे, तीन वर्षं झाली. मला माहीतच नव्हतं, दादाला भाकरी येते ते."