वाम आणि पामु

"साप आदमी को खाता क्या? बोलो, फिशरी साब!"

इन्स्पेक्टरनं जबानीचा कागद टेबलावर असा आपटला की कोठडीतले ढेकूणही सावधान उभे राहिले असतील. मी मत्स्य खात्यात फील्डमन. आदिलाबाद जिल्ह्यात आम्ही कागदावर जेवढं मत्स्यबीज सोडलं, तेवढं पैनगंगेत पाणीही नव्हतं. पण त्या दिवशी थापेला जागा नव्हती. कोठडीत भावाच्या खुनाच्या संशयावरून सुदाम भोई बसला होता.

त्याचा धाकटा भाऊ नामदेव नदीत गेला, चौथ्या दिवशी सापडला. पोटावर, बरगडीखाली गोल भोकं. दोघं भाऊ आदल्याच आठवड्यात जाळ्यावरून भांडलेले. त्यात सुदामच्या घरात बरची मिळाली, म्हणजे मासे टोचायचा भाला. डॉक्टर म्हणाले, बुडून मेलेला दिसतो, पण भोकांचं मी सांगू शकत नाही.

सुदामच्या बाजूनं एकच साक्षीदार. डोंगेवाले बुधाजी, ज्यांनी प्रेत काढलं. त्यांच्या जबानीत तेलुगूत लिहिलेलं, प्रेत पामुनं खाल्लं. पामु म्हणजे साप. इन्स्पेक्टरच्या मते म्हातारा पढवलेला होता.

मी बुधाजींना त्यांच्या घराच्या ओट्यावर गाठलं.

"साप कुठं पायला तुमी?"

"साप? माह्या तोंडात साप काऊन कोंबता, साहेब? मी वाम म्हनलं. वाम!"

झालं. लिहिणारा जमादार खाली वारंगलकडचा. वाम ऐकली, पामु लिहिला. एका शब्दानं माणूस फासाकडं निघालेला.

वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. जन्मते खोल समुद्रात, जिथं उजेड पोचत नाही. पिल्लू काचेच्या पट्टीसारखं, आरपार दिसणारं. तिथून गोदावरीत शिरून पार आमच्या पैनगंगेपर्यंत चढते. वर्षानुवर्षं खाते. मेलेलंही खाते. मग समुद्राकडं परत फिरली की खाणं सोडते, पोट आकसतं, अंडी घालते आणि मरते.

"भोकं गोल कैसे?" इन्स्पेक्टर.

"साब, दिखाता हूँ."

बुधाजींनी त्याच डोहातून वाम धरून आणली. ठाण्यामागच्या हौदात सोडली, वर ओलं पोतं टाकून अंधार केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोकडाचं काळीज दोरीनं सोडलं. डॉक्टरही आले. वामीनं काळीज धरलं आणि अख्खं अंग गिरमिटासारखं गरगर फिरवलं. तिचे दात बारीक, मोठा लचका चावून तुटत नाही, म्हणून ती पिळून तोडते. काळीज वर काढलं. गोल भोक.

डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलं, जखमा मेल्यानंतरच्या, माशाच्या. इन्स्पेक्टरनं कोठडी उघडली.

सुदाम बाहेर आला. तोवर नामदेवची माती उरकली होती. भावाला खांदा द्यायला याला सोडलं नव्हतं.

"साहेब, खाल्लं तवा तो जित्ता होता का?"

"नाही. आधी बुडाला."

"खरं?"

"खरं."

थापाड्या म्हणून माझी ख्याती त्याला ठाऊक होती.

ती वाम केवढी होती विचाराल, तर मी आजही आठ हात सांगतो. होती दीड हात. सुदामला दिलेल्या उत्तरात मात्र एक बोटही वाढवलेलं नाही. आणि जबानी लिहून झाली की ती साक्षीदाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवावी. बुधाजींना कुणी दाखवली नव्हती.