निप्तो, निप्तोमाइ

"तुझं पहिलं रूप. दुसरं तुझ्या जातीला लागत नाही."

पंडितमास्तर भर वर्गात म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली.

लढाईचा काळ. सांगलीला मिशनच्या बोर्डिंगात आमी चर्चचे पाळक व्हायला शिकत होतो. मी आटपाडीकडच्या म्हारवाड्यातला. मास्तर मूळचे भट. येशूचे झाले, जानवं काढलं, सोवळं तेवढं ठेवलं. बोर्डिंगचे संडास धुवायचं काम त्यांनी मला लावलेलं. धुतले तर जेवण. बाकीची पोरं वर्ग सुटला की नदीवर पवायला, आन् मी खराटा घेऊन संडासाकडं.

त्या दिवशी फळ्यावर ग्रीकची, नव्या कराराच्या मूळ भाषेची, दोन रूपं होती. निप्तो. निप्तोमाइ. धातू एकच, धुण्याचा. निप्तो म्हंजे दुसऱ्याचे हातपाय धुतो. मग निप्तोमाइ म्हंजे काय? मास्तरांनी मला उठवलं.

माझ्या तोंडून गेलं, "धुऊन देतो."

चुकलो. 'धुऊन घेतो' म्हणायला पायजे होतं. आपलं आपण, आपल्यासाठी. शेपटाला ते 'माइ' लागलं की कामाचं फळ करणाऱ्याकडंच वळतं. संस्कृतात आत्मनेपद म्हणतात म्हणं. पन 'घेतो' माझ्या जिभेवर आलंच न्हाई. आज्यानं धुऊन दिलं, बापानं दिलं, मी देत होतो. घेतलं कवा कुणी?

त्यावर मास्तर ते पहिल्या रूपाचं बोलले. त्यावर पोरं हसली.

लाज न्हाई वाटली मला. अंगाची नुसती आग झाली. म्होरं योहानाचं शुभवर्तमान उघडंच होतं. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तोच अध्याय. मी बोट ठेवलं.

"आवं मास्तर, हितं परभूनं निप्तो केलंय. तुमी कवा करनार?"

हसणं जागच्या जागी थांबलं. मास्तर लालबुंद.

"खराटा उचल. नाहीतर जेवण बंद."

"न्हाई उचलत."

सांजचं माझं ताट वाढलं न्हाई. भूक लय वंगाळ, खोटं कशाला बोलू? रडूबी आलं. आईच्या हातची बाजरीची भाकर आठवली. वाटलं, गुमान गावाकडं जावं. मग वाटलं, का म्हणून? त्यांना तेच पायजे होतं.

सकाळी घंटा झाली. मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसलो. मास्तर आले, बघितलं, म्हणाले, "बाहेर हो."

मी हललो न्हाई. उपाशी ठेवा, हाणा, मिशनच्या साहेबाला बोलवा. ग्रीक पुरं शिकल्याबिगर मी हा बाक सोडत नसतो.