आजीचा लंगडा हत्ती

सूर चुकतात म्हणून माझी सहा वर्षांची नात मीरा आठवडाभर पियानोकडे फिरकली नव्हती. आज मीच जाऊन बसले आणि डावीकडच्या जाड सुरांवर हत्ती चालवू लागले. धप्प, धप्प.

"आजी, तुझा हत्ती लंगडतोय," ती दारातूनच म्हणाली.

"मग तू चालव की!"

"अगं, अंगठा बोटांखालून ने ना!" म्हणत ती माझ्या मांडीवर चढलीच. उजवीकडे तिची चिमणी टुणटुण उडू लागली. सूर चुकून चिमणी पडली की आम्ही दोघी खिदळायचो.

लग्नाआधी मी पेटी शिकले, ती मला बघायला येणाऱ्यांसाठी. गाणं एकच आणि चेहरा गणिताच्या पेपरातला. पाहुण्यांनी दुसरं मागितलं, तर मी शहाणीने तेच पुन्हा वाजवलं! चुकायच्या धाकात सुरांशी माझी कधी गट्टीच झाली नाही. चुकताना शेजारी हसणारं कुणी असतं, तर झाली असती कदाचित.

"आजी, परत चुकलीस! मुद्दाम ना?"

"हो तर," मी म्हणाले. खरं तर या वेळी बोटंच वळत नव्हती.

मीराने माझा अंगठा चिमटीत धरून योग्य पट्टीवर ठेवला. "असू दे गं, होतं असं. चल, पुन्हा पहिल्यापासून."