अकरा नंबरची बदली

कैलासच्या दंडाला पट्टा बांधलेला होता, सुई माझ्या हातात होती आणि डाव्या कोपरात शीर काही सापडत नव्हती.

"मागच्या खेपेला त्या बाईंना इथे शीर मिळाली कशी रे?" मी विचारलं. खरं सांगायचं तर माझा जळफळाट झाला होता.

फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: डावा कोपर, पहिला प्रयत्न. सत्तावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते आहे. मी चेहरे विसरते, नावं विसरते, शिरा विसरत नाही. कैलासची डावी शीर म्हणजे नुसती हुलकावणी. रस सुरू होण्याआधीच्या पहिल्या व्हिजिटला तिथे दोनदा टोचून मी हात टेकले आणि शेवटी उजव्या हाताच्या पाठीवरून रक्त घेतलं. मी सुट्टीवर असताना माझ्या जागी आलेल्या टेक्निशियनला तीच शीर पहिल्या फटक्यात मिळावी, हे मला काही पचत नव्हतं.

कैलास निवांत म्हणाला, "मला काय ठाव, ताई? मी न्हवतोच तवा. भूषणला धाडला व्हता, बदली."

मी पट्टा सोडला आणि सुई बाजूला ठेवली.

हे सगळं भिवंडीत निजामपुऱ्यातल्या एका दवाखान्याच्या माडीवर चाललं होतं. खाली गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग. आमचं टेबल दिवसभर बारीक थरथरायचं, म्हणून वजनकाट्याखाली आम्ही रबरी चटई घातली होती. संशोधन डॉक्टर अनघांचं. वय चौतीस, मूळच्या पुण्याच्या, आणि त्यांचा हा स्वतःचा असा पहिलाच अभ्यास. ग्रँट मिळवण्यात त्यांची तीन वर्षं गेली होती. मी त्यांची कोऑर्डिनेटर, म्हणजे रक्त काढणं, फॉर्म भरणं, माणसं सांभाळणं आणि बोलणी खाणं ही सगळी कामं माझी.

विषय ऐकायला अवघड आहे, पण कळायला सोपा आहे. बीट, पालक, माठ यांच्यात नायट्रेट नावाचा क्षार असतो. आपल्या जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू होतो. त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. हाच वायू शरीर आपल्या घरीही बनवतं, आर्जिनिन नावाच्या अमिनो ॲसिडपासून. अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनच्या विटा. डॉक्टरांचा प्रश्न असा होता: शेजारून भाकऱ्या आल्या तर घरातलं पीठ वाचतं, तसं बाहेरून नायट्रेट मिळालं तर धडधाकट माणसाचं आर्जिनिन वाचतं का? आणि रक्तातल्या बाकीच्या अमिनो ॲसिडचं काय होतं?

त्यासाठी एकेका माणसाने सात दिवस बिटाच्या रसाची छोटी बाटली प्यायची आणि मग रक्त द्यायचं. मध्ये दोन आठवडे सुट्टी. नंतर पुन्हा सात दिवस रस, पुन्हा रक्त. दोनपैकी एका आठवड्यातल्या रसातून नायट्रेट काढून टाकलेलं असतं. चव तीच, रंग तोच. कोणता आठवडा कोणता, ते आम्हालाही माहीत नसतं. सगळी गंमत यात, की माणसाची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही, त्याच्याशीच करायची. आणि अकरा नंबरचा, म्हणजे कैलासचा, पहिला आठवडा निघाला भूषणचा.

"तू होतास कुठे?" मी विचारलं.

"पडग्याला, सासरवाडीला. मुलगी झाली ना मला. पेढे न्हाय का दिले तुमाला?"

दिले होते. दुसऱ्या आठवड्याच्या बाटल्या न्यायला आला तेव्हा दिले होते. मी दोन खाल्ले, अभिनंदन केलं, आणि मुलगी नेमकी कधी झाली, त्या दिवसांत हा होता कुठे, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

"अरे, पण रक्ताला कुणी बदली देतं का?" माझा आवाज चढला.

त्याला खरोखरच कळेना मी का चिडले ते. लूमवर हीच रीत आहे. सुट्टी घ्यायची तर आपल्या जागी माणूस आपणच द्यायचा. जो देत नाही तो बेजबाबदार, त्याची लूम दुसऱ्याला जाते. कैलास जवळच्या शेलार गावचा. घरी थोडी भातशेती, आठवडाभर लूमची ड्युटी. भूषण त्याचा चुलतभाऊ. लूमवरही तोच बदली उभा राहिला आणि आमच्याकडेही तोच.

"मी दोनी ठिकाणी बदली दिली, ताई. एक बी खाडा न्हाय पडू दिला," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "आन तुमी तरी कुठं व्हता तवा? तुमच्या जागी बी बदलीच व्हती ना?"

मी नाशिकला भाचीच्या लग्नात होते. माझ्या बदलीवर आलेल्या त्या बाईंना मी फाइलींचा गठ्ठा दिला आणि सात वाजता माणसं येतील एवढं सांगितलं. माणूस ओळखायचा कसा ते सांगितलं नाही. त्यांनी कार्ड पाहिलं, "अकरा नंबर?" म्हणून विचारलं. भूषण हो म्हणाला आणि हात पुढे केला.

त्याच फॉर्मवर अकरा नंबरचं वजन नऊ किलोने वाढलेलंही लिहिलं होतं. ते मी आल्यावर पाहिलं होतं. काटा बिघडला असेल म्हणून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. इतकी वर्षं नोकरी केल्यावर माणूस काय काय करतो बघा!

डॉक्टर शेजारच्या खोलीत होत्या. त्या दारापर्यंतच्या सहा पावलांत माझ्या मनात आलेलं लपवत नाही. 'सॅम्पल हिमोलाइज्ड' एवढे दोन शब्द लिहिले की काम झालं असतं. म्हणजे नळीतल्या रक्तपेशी फुटल्या, नमुना वाया गेला. असं नेहमी होतं, कुणी विचारत नाही. माझं नाक वाचलं असतं, कैलास सुटला असता. मग मी आत गेले आणि सगळं सांगितलं, पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हासकट.

डॉक्टर खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी किती जणांचं रक्त घेतलं होतं?"

"सहा."

"एक गेला तर एक माणूस गेला, सुनंदाताई. पण बाकीचे पाच तेच होते, हे मला सिद्ध करता आलं नाही तर फ्रीझरमधल्या एकाही नळीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा नाही."

"मग आता?"

"आता एथिक्स कमिटीला फोन. मी करते."

एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनावर नजर ठेवणारी मंडळी. त्यांनी काम तिथल्या तिथे थांबवलं आणि आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला. खोली एकदम रिकामी झाली. रसाच्या बाटल्या फ्रिजमध्ये रांगेने उभ्या, आणि प्यायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लूमच्या शेडमध्ये गेले. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून पाचही जणांना एकेक करून गल्लीत बाहेर बोलावलं. चौघे म्हणाले, मीच होतो. पाचवा म्हणाला, "बदली सांगून ठेवली व्हती, पन गरज न्हाय लागली." ते मी त्याच्याकडून पुन्हा दोनदा वदवून घेतलं.

पण नुसत्या सांगण्यावर कमिटीचं भागणार नव्हतं. डॉक्टरांनी पाचही जणांची वजनं आणि सह्या ताडून पाहिल्या. शिवाय उरलेल्या प्लाझ्मावरून, म्हणजे पेशी काढून टाकलेल्या पिवळट रक्तद्रवावरून, त्या दिवसाचा रक्तगट पहिल्या व्हिजिटच्या रक्तगटाशी जुळतो का, ते तपासायला दिलं. रक्तगट जुळला म्हणजे माणूस तोच, असं नसतं. न जुळला तर मात्र नक्कीच दुसरा. डॉक्टरांची तीन वर्षं माझ्या भाचीच्या लग्नापायी गेली, हेच त्या दोन दिवसांत डोक्यात फिरत होतं.

भूषण त्याच मधल्या काळात आला, बोलावलं म्हणून. चांगला आडदांड गडी, कोपरावरच्या शिरा लांबूनही दिसाव्यात अशा. पिशवीतून त्याने सात रिकाम्या बाटल्या काढल्या, धुऊन पुसलेल्या.

"मोजून घ्या," तो म्हणाला. "रोज सकाळी सहाला प्यायलो. कागदावर व्हता तसा सगळा केला. गुळण्या करायचा औषध घेतला न्हाय, जंतू मरतात म्हणून. लघवी लाल झाली तवा घाबरलो, पन कैलासला शब्द दिलता."

नायट्रेट अभ्यासासाठी याहून चोख माणूस मिळणं कठीण. आणि त्यालाच मला सांगावं लागलं, की त्याचा नमुना नष्ट केला आहे.

"फेकला? माझा रगत?"

मला शरम वाटली. आतापर्यंत मी याला घोटाळा म्हणत होते, आपल्या आकड्यांत घुसलेला उपरा. पण या माणसाला आम्ही काहीही न समजावता, त्याची सही न घेता, सात दिवस रस पाजला होता आणि सुई टोचली होती. त्याला काही आजार असता, काही औषध चालू असतं तर? मी त्याला तसंच सांगितलं आणि माफी मागितली. तो अवघडला. मग म्हणाला, "तुमी काय माफी मागता? मी आलो ना आपल्या पायानी. पन आता सांगा तरी, तो बीट पिऊन व्हतं काय?"

भाकरी आणि पीठ मी त्यालाही सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन पीठ न्हाय वाचला तर?"

"तर नाही वाचलं असं लिहायचं."

"तवा बी पैसं देतात तुमाला?" तो हसला. मीही हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

पाचही रक्तगट जुळले. वजनं जुळली, सह्या जुळल्या. डॉक्टरांनी अहवालात काही झाकलं नाही. माझी चूक माझ्या नावाने लिहिली, कार्डावर फोटो नव्हता ही स्वतःची चूक त्याच्याही वर लिहिली. कमिटीने काम पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. अकरा नंबर मात्र कायमचा बाद. कैलासला हे सांगताना मला वाईट वाटलं. "लूमवर असा केला असता तर शाबासकी मिळाली असती," तो म्हणाला. ते खरंच होतं.

कुणी बाद झालं तर नवा माणूस घ्यायची सोय प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी नियमांत, आधीपासून होती. फक्त त्याला नवा नंबर, नवी सही आणि सगळं पहिल्यापासून. भूषण म्हणाला, मी येतो. डॉक्टरांनी तासभर बसून त्याला पानन् पान समजावलं. सही करताना तो थांबला.

"मदीच मला कुठं जावा लागला तर?"

"फोन करायचा," डॉक्टर म्हणाल्या. "तुझी जागा रिकामी ठेवू."

"रिकामी? चालंल?"

"चालेल."

त्याने कैलासकडे पाहिलं. कैलास त्याला बाइकवरून सोडायला आला होता. पुढे प्रत्येक व्हिजिटला तोच सोडायला यायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. रिकामी जागा चालते, यावर दोघांचाही विश्वास बसत नव्हता.

शेवटचा नमुना भूषणचाच होता. तो फ्रीझरमध्ये ठेवून डॉक्टरांनी दार लावलं. नंतर म्हणाल्या, "ताई, आता उत्तर काहीही येवो. येईल ते खरं येईल." आर्जिनिन वाचलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही, आकडेमोड चालू आहे. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं.

हल्ली मी सुट्टी घेते तेव्हा बदली देत नाही. त्या दिवशीच्या व्हिजिट पुढे ढकलते आणि वहीत माझ्या नावापुढे खाडा मांडते.