रूमचे वेगळे, रिसॉर्टचे वेगळे

आमच्या घरात हॉटेलची खोली मोबाइलवर बुक करणारी मीच पहिली. सून म्हणाली होती, "आई, मी पाहून देऊ काय?" मी म्हटलं, "बाजारात दिवसभर गिऱ्हाइकासंगं डोकं लावते मी, हे एक बटन दाबणं जमणार नाई काय मले?" दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला भारी हौस, पण माझ्या कामात कोणी खुपसलेलं खपत नाही. सून बिचारी हसली आणि आपल्या कामाला लागली.

आम्ही आंजीचे, भाजीपाल्याचे. वांगी, पालक, मिरची अन सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. माल वर्ध्याच्या बाजाराला जातो, म्हणून लग्न होऊन आले तेव्हापासून माझी सकाळ अंधारातच झाली. अंगात ताप असला तरी डोळा आपोआप उघडतो. मला समुद्र पाहायचा नव्हता की विमानात बसायचं नव्हतं. मला फक्त एक दिवस उन्हं अंगावर आल्यावर उठायचं होतं. घरी ते होत नाही. घरी मी पडून राहिले तर आधी म्हैस ओरडते, मग शेजारीण विचारायला येते की तब्येत बरी नाही का. म्हणून एक रात्र बाहेर काढायची ठरवली. मुलगा अन सून म्हणाले, एक दिवस बाजार आम्ही करतो. बोर धरणाकडं जंगलाच्या कडेनं रिसॉर्ट झालेत, त्यातलं एक मी निवडलं. यापेक्षा लांबचं सांगितलं असतं तर आमच्या ह्यांनी घरातूनच पाय काढला नसता.

मोबाइलवर खोलीचा भाव चांगला ठळक आकड्यात होता अन मला पटला. त्याच्याखाली बारीक अक्षरात पोहण्याचा तलाव, शेतसफर, शेकोटी, वायफाय असं काय काय लिहून होतं. मी खूश. आम्ही नाही का, कोणी वांगी घेतली की चार मिरच्या अन सांबाराच्या दोन काड्या त्याच्या पिशवीत अशाच टाकतो? तसंच यांनीही टाकलं असेल, असं मी समजले. त्या बारीक अक्षरांच्या शेवटी शुल्काचं काहीतरी होतं खरं. पण भाव सांगितला, पैसे घेतले, की सौदा झाला. बाजारात जन्म गेलेल्या बाईनं आणखी काय वाचायचं?

आता आमच्या ह्यांचा स्वभाव सांगते. यांचा बाजारात एकच बोल असतो. सांगितलेला भाव हे उतरवत नाहीत, अन दुसऱ्यानं चढवलेला ऐकून घेत नाहीत. एकदा शिंप्याकडे सदरा शिवायला टाकत होते. शिलाई ठरली, अन मग शिंपी म्हणाला, बटणांचे वेगळे पडतील. हे कापड काखोटीला मारून तडक घरी आले. ते कापड अजून पेटीत पडून आहे, सदरा काही झाला नाही. भांडणारा नवरा परवडला, हे भांडतही नाहीत, नुसते उठून चालायला लागतात.

तर आम्ही पोचलो. दारात कोणीतरी कोकमासारखं लालसर सरबत दिलं, खुर्च्या मऊ होत्या, सगळं छान चाललं होतं. काउंटरवर एक बाई होती, बोलायला गोड. तिनं आमची आधार कार्डं पाहिली अन म्हणाली, "सर, रिसॉर्ट फी भरायची आहे."

"ते तं मोबाइलवर भरले नं," हे म्हणाले.

"ते रूमचे होते, सर. हे रिसॉर्टचे."

"मंग आमची रूम का रिसॉर्टच्या बाहेर हाय?"

ती बाई हसली. मला हसू आलं नाही, माझं धाबं दणाणलं. तिनं समजावून सांगितलं, की तलाव, शेतसफर, शेकोटी, वायफाय या सगळ्याची मिळून ती फी आहे, अन ती प्रत्येक पाहुण्याला लागतेच.

"मले पोहायचं नाई. हिलेबी नाई. तेवढे कमी करा."

"तसं होत नाही, सर. सगळ्यांना सारखीच आहे."

"म्हणजे पालक घ्याले आलेल्या माणसाले मेथी घेतल्याबिगर पालक भेटत नाई म्हणा," असं म्हणून ह्यांनी पिशवी उचलली.

मला माहीत होतं, आता हे चालायला लागणार. अन एकदा घरी गेलो की माझी ती सकाळ या जन्मी येणार नाही. मुलगा-सून पुन्हा बाजार सांभाळतीलही, पण हे पुन्हा निघायचे नाहीत. मला त्या बाईचा राग आला, मोबाइलचा आला, अन सगळ्यात जास्त ह्यांच्या त्या पिशवीचा आला. मी तिथल्या सोफ्यावर ठाण मांडलं.

"तुम्हाले जाचं तं जा," मी म्हटलं. "मी उद्या उन्हं आल्यावर उठीन, अन मंग येईन."

"येवढ्यासाठी आलो आपण इथी? झोपाले?"

"हो. झोपाले. माह्या घरी मले झोपता येत नाई."

हे मी त्यांना आधी कधी सांगितलंच नव्हतं. फिरायला जाऊ, एवढंच बोलले होते.  त्यांनी पिशवी खाली ठेवली, खिशात हात घातला, अन गुमान पैसे भरले. इतक्या वर्षांत ह्यांनी आपला बोल मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला बरं वाटलं अन थोडं वाईटही वाटलं.

पण पैसे भरले म्हणजे माणूस गप्प बसेल, असं थोडंच आहे? ह्यांनी वसुली सुरू केली. तलावात उतरायला वेगळे कपडे लागतात म्हणे, तर हे काठावर पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाय सोडून बसले, चांगले तासभर. वायफायचं विचारून घेतलं अन मुलाला व्हिडिओ कॉल लावून नुसता तलाव दाखवला. संध्याकाळी शेकोटीजवळ पहिले जाऊन बसले अन शेवटी उठले. मी म्हटलं, "धुरानं डोळे लाल झाले तुमचे." तर म्हणतात, "होऊ दे. त्याचेबी पैसे घेतले त्याईनं."

सकाळी अंधारातच त्यांनी मला हलवलं. "ऊठ वं. शेतसफर हाय. वांगे तोडाले नेऊन राह्यले. दोघाचे पैसे भरले आपण."

मला काही क्षण कळेचना मी कुठं आहे. मग कळलं तेव्हा मी चिडलेच. घरची वांगी सोडून इथं पैसे भरून वांगी तोडायची? "मले झोपू द्या," मी म्हटलं. "मी येवढंच घ्याले आले इथी."

 चपला पायात सरकवल्याचा आवाज आला, दार हळूच लागलं. मी कूस बदलली अन जी झोपले ती झोपलेच.

डोळे उघडले तर ऊन पार उशीपर्यंत आलं होतं. पांघरूण गरम झालं होतं. मी थोडा वेळ तशीच पडून राहिले, कोणी हाक मारत नव्हतं. मग उठून खिडकीचा पडदा बाजूला केला. खाली ते शेत होतं. बाकीचे पाहुणे दोन-दोन वांगी तोडून, फोटो काढून सावलीत चहाला बसले होते. वांग्यांत एकटे आमचे हे वाकलेले.

आमच्याकडं वांग्यांचा तोडा जोडीनं चालतो. एक ओळ ह्यांची, शेजारची माझी. ज्याची आधी संपेल त्यानं दुसऱ्याच्या ओळीत पलीकडच्या टोकाकडून शिरायचं, तोडत तोडत यायचं, मग दोघं मधे कुठंतरी भेटतो. मी पाहत होते, ह्यांची ओळ संपली. त्यांनी कंबर सरळ केली, अन सवयीनं शेजारच्या ओळीत पलीकडून शिरले. अलीकडून यायला कोणी नव्हतं. ते निम्म्यावर आले, जिथं आम्ही भेटतो तिथं जरा थांबले, अन माझी राहिलेली अर्धी ओळही तोडायला लागले.

मला भडभडून आलं. पळत खाली जावं अन या टोकाकडून हात लावावा असं वाटलं, पाय दाराकडं वळलेही. मग मी थांबले. त्यांनी इतकं करून मला ही सकाळ मिळवून दिली होती, ती मी वांग्यांत कशाला घालवू? मी पडदा ओढला, पांघरुणात शिरले, अन ते माझी ओळ संपवेपर्यंत आणखी झोपले.